दोन्ही गर्भनलिका बंद असल्याचा अहवाल: आधी दुर्बिणीची शस्त्रक्रिया की थेट आयव्हीएफ? (सातारा)

वसना | ४ जानेवारी, रात्री १०.१५

सर्वांना नमस्कार. मी कोरेगाव तालुक्यातील असून नोकरीनिमित्त साताऱ्यात राहते. माझे वय ३१ आहे, लग्नाला पाच वर्षे झाली आहेत आणि गेली तीन वर्षे आम्ही मुलासाठी प्रयत्न करत आहोत. पाळी नियमित आहे, एएमएच (बीजांचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) २.६ आहे आणि यजमानांची वीर्यतपासणी दोन वेळा केली असता दोन्ही वेळा व्यवस्थित आली आहे. डिसेंबरमध्ये पाळीच्या नवव्या दिवशी माझी एचएसजी (गर्भाशयात औषध सोडून नळ्यांचा एक्स-रे काढण्याची) तपासणी झाली. तिच्या अहवालात असे लिहिले आहे की उजव्या गर्भनलिकेचे टोक बंद होऊन नळीत पाणी साठले आहे व ती फुगली आहे, तर डावी नळी गर्भाशयाला जिथे जोडलेली असते तिथेच बंद असून औषध पुढे गेलेले नाही.

हा कागद घेऊन आम्ही दोन ठिकाणी गेलो. पहिल्या ठिकाणी अहवाल अर्धा मिनिट पाहून सांगण्यात आले की दोन्ही नळ्या निकामी आहेत, शस्त्रक्रियेत वेळ घालवू नका, पुढच्याच पाळीपासून आयव्हीएफची (टेस्ट ट्यूब बेबी, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडण्याची पद्धत) इंजेक्शने सुरू करू. दुसऱ्या ठिकाणी सांगितले की आधी दुर्बिणीने आत पाहू आणि मगच ठरवू. दोन्ही डॉक्टर अनुभवी आहेत, त्यामुळे कोणाचे ऐकावे हे आम्हाला समजेनासे झाले आहे. सासूबाई समजूतदार आहेत, तरीही "पोट पुन्हा फाडायचे का?" हा त्यांचा प्रश्न मनात घर करून बसला आहे.

ज्यांनी गर्भनलिकेची शस्त्रक्रिया करून घेतली आहे, किंवा विचारपूर्वक टाळली आहे, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा अशी विनंती आहे.

यवतेश्वर | ४ जानेवारी, रात्री ११.०२

ताई, आपण "पुन्हा फाडायचे का" असे लिहिले आहे, म्हणजे पूर्वी एखादी शस्त्रक्रिया झालेली आहे का? तो तपशील महत्त्वाचा असू शकतो.

वसना | ५ जानेवारी, सकाळी ७.४०

होय. मी १९ वर्षांची असताना माझे अपेंडिक्स फुटले होते. दोन दिवस पोटदुखी अंगावर काढली, ओवा खाल्ला, शेक घेतला आणि तिसऱ्या दिवशी पोट कडक झाल्यावर रुग्णालयात नेले. पोटात पू झाला होता, त्यामुळे मोठा छेद घेऊन शस्त्रक्रिया करावी लागली. ती गोष्ट या विषयाशी जोडलेली असेल हे माझ्या ध्यानातच आले नाही, आणि कोणी विचारलेही नाही.

कृष्णा-कोयना | ५ जानेवारी, रात्री ९.३०

मी कराड परिसरात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. आपली प्रत्यक्ष तपासणी मी केलेली नाही, त्यामुळे हे उपचाराचे लेखी आदेश समजू नयेत. मात्र आपल्या दुसऱ्या संदेशातील अपेंडिक्सची माहिती वाचल्यावर शांत बसवले नाही.

गर्भनलिका साधारण दहा ते बारा सेंटीमीटर लांब असते आणि ती पाण्याच्या पाइपसारखी नुसती पोकळ नसते. तिच्या आतील अस्तरावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात, जे स्त्रीबीज आणि पुढे गर्भ यांना हळूहळू गर्भाशयाकडे सरकवतात. टोकाला झालरीसारखी बोटे असतात, जी बीजांडकोशातून सुटलेले बीज उचलून घेतात. बीज आणि शुक्राणू यांचे मीलनही याच नळीच्या रुंद भागात होते. म्हणून शस्त्रक्रियेने नळी उघडेल का एवढेच विचारून भागत नाही. उघडल्यावर ती आपले काम करू शकेल का, हेही विचारावे लागते. आतील अस्तर एकदा जळाल्यासारखे झाले की कितीही कुशल हातांनी नळी उघडली तरी ते अस्तर परत येत नाही.

आता आपल्या अहवालाकडे येऊ. आपल्या दोन्ही नळ्यांची कहाणी एकच आहे असे समजण्यात पहिली चूक होते. उजवीकडे अपेंडिक्स असते आणि तिथेच पू झालेला होता. त्या जंतुसंसर्गाने उजव्या नळीची झालर चिकटून टोक बंद होणे आणि आत पाणी साठणे हे अगदी संभवनीय आहे. डाव्या नळीचे तसे नाही. गर्भाशयाच्या कोपऱ्याशी नळीचे छिद्र अतिशय बारीक असते आणि एचएसजीच्या वेळी कळ आली की तिथले स्नायू आवळतात, किंवा एखादा चिकट गोळा अडकलेला असतो. तेव्हा औषध पुढे जात नाही आणि अहवालावर "बंद" असे लिहिले जाते. अशा कितीतरी स्त्रियांची तपासणी पुन्हा केली, किंवा भूल देऊन गर्भाशयातून निळा रंग सोडला व दुर्बिणीने पाहिले, तर तीच नळी मोकळी असल्याचे दिसते. एका एचएसजीवरून कोपऱ्याशी बंद दिसलेली नळी कायमची निकामी ठरवू नये.

ती खरोखरच बंद निघाली तरी तिथे एक छोटा उपाय असतो. गर्भाशयाच्या आतून दुर्बीण घालून नळीच्या मुखात बारीक तार सरकवली जाते. बहुतेक वेळा मार्ग मोकळा होतो, काही जणींमध्ये तो काही महिन्यांनी पुन्हा बंद होतो. तरुण वय आणि बाकी सर्व ठीक असताना हा प्रयत्न करून पाहण्यासारखा असतो. मात्र एकच नळी कोपऱ्याशीही बंद आणि टोकाशीही बंद असेल तर तिच्यावर शस्त्रक्रिया करण्यात अर्थ नसतो.

उजव्या नळीसाठी दोन वाटा आहेत. नळी फारशी फुगलेली नसेल, भिंत पातळ असेल, आतल्या घड्या गुलाबी आणि शाबूत असतील आणि भोवती संसर्गामुळे तयार झालेले चिकट पडदे विरळ असतील, तर बंद टोक उघडून त्याच्या कडा बाहेर वळवून ठेवता येतात. याउलट भिंत जाड, आतला भाग सपाट आणि भोवती घट्ट चिकटलेले असेल तर ती नळी काढून टाकणे हेच हिताचे. तरुण स्त्री, इतर दोष नसणे आणि सौम्य नुकसान या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच दुरुस्ती करावी, अशी अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिनचीही भूमिका आहे.

नळी काढायची हे ऐकून बायका घाबरतात, म्हणून त्याचे कारण सांगते. फुगलेल्या नळीतले पाणी थोडे थोडे गर्भाशयात उतरत राहते आणि गर्भ रुजण्यास अडथळा आणते. अशी नळी तशीच ठेवून आयव्हीएफ केले तर यशाचे प्रमाण साधारण निम्म्यावर येते, आणि आधी ती काढली किंवा गर्भाशयाजवळ क्लिप लावून तिचा मार्ग बंद केला तर ते सुधारते. हे नव्वदच्या दशकापासूनच्या अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे. म्हणजे आपण थेट आयव्हीएफचा मार्ग घेतलात तरी उजव्या नळीचा प्रश्न आधी सोडवावाच लागेल. ज्यांनी अर्ध्या मिनिटात निर्णय दिला त्यांनी हा भाग आपल्याला सांगायला हवा होता असे माझे स्पष्ट मत आहे.

आयव्हीएफविषयी माझ्या मनात आकस नाही. मुळात ती पद्धत बंद नळ्यांसाठीच जन्माला आली. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मलेल्या लुईस ब्राउनच्या आईच्या नळ्या बंद होत्या. वय ३७-३८ च्या पुढे असेल, बीजांचा साठा कमी असेल किंवा यजमानांच्या वीर्यात दोष असेल, तर मी स्वतः स्त्रियांना नळीच्या दुरुस्तीत वर्ष घालवू नका असे सांगते. आपले वय, एएमएच आणि यजमानांचा अहवाल पाहता आपल्याकडे तेवढा वेळ आहे.

माणदेशी | ६ जानेवारी, दुपारी ३.२०

डॉक्टर ताईंनी लिहिलेले सर्व पटले, परंतु एक गोष्ट राहून गेली आहे ती मी जोडते, कारण तिच्यापायी माझी दोन वर्षे गेली.

मी आटपाडी भागातील आहे. माझ्याही दोन्ही नळ्या बंद होत्या. खोकला नाही, ताप नाही, वजन कमी झालेले नाही, फक्त पाळीचा स्राव हळूहळू कमी होत गेला होता, आणि ते चांगलेच लक्षण आहे असे मला वाटत होते. एका ठिकाणी नळ्या उघडण्याची शस्त्रक्रिया ठरली होती. सुदैवाने त्याआधी सांगलीतील एका ज्येष्ठ डॉक्टरांनी गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला आणि त्यात क्षयरोग निघाला. आपल्याकडे नळ्या खराब होण्याचे हे फार मोठे कारण आहे, आणि जननेंद्रियांचा क्षय झालेल्या जवळजवळ प्रत्येक स्त्रीच्या नळ्यांना तो गाठतोच, असे त्यांनी समजावून सांगितले.

औषधे सहा महिने घेतली. ती सरकारी केंद्रातून मोफत मिळाली आणि क्षयरुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेतून त्या वेळी महिन्याला ५०० रुपये खात्यात जमा होत होते. रोग बरा झाला, पण नळ्या काठीसारख्या ताठ झाल्या होत्या. क्षयाने खराब झालेली नळी शस्त्रक्रियेने उघडू नये, त्यातून गर्भ नळीतच अडकण्याचा धोका वाढतो, हे मला तेव्हा कळले. गर्भपिशवीचे अस्तरही पातळ झाले असल्याने आयव्हीएफचा माझा पहिला प्रयत्न यशस्वी झाला नाही. दुसऱ्या प्रयत्नाची तयारी चालू आहे.

वसना ताई, आपले कारण अपेंडिक्स असेलही, तरीही दुर्बीण घालण्याआधी क्षयाची तपासणी झाली आहे का हे अवश्य विचारा. घरात, माहेरी, शेजारी कोणाला टीबी झाला होता का तेही आठवून सांगा.

कृष्णा-कोयना | ६ जानेवारी, रात्री १०.०५

माणदेशी ताई, हा उल्लेख माझ्याकडून राहून गेला, आपण तो केलात हे फार चांगले झाले. आपण म्हणता तेच योग्य आहे: क्षयाने बिघडलेल्या नळीची दुरुस्ती करायची नसते. दुर्बिणीतून पाहताना नळीवर मण्यांसारख्या गाठी किंवा पांढरट ठिपके दिसले तर त्याच वेळी तुकडा घेऊन तपासणीस पाठवावा लागतो. पाळीचा स्राव कमी होणे हे लक्षण तर प्रत्येकीने डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

येरळा | ८ जानेवारी, रात्री ८.५०

माझी गोष्ट थोडी निराळी आहे, परंतु गर्भनलिकेच्या शस्त्रक्रियेचाच तो एक प्रकार असल्यामुळे लिहिते.

दुसऱ्या बाळंतपणानंतर वयाच्या २४ व्या वर्षी माझी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली होती. पाच वर्षांनी माझा धाकटा मुलगा कालव्यात पडून गेला. त्याविषयी अधिक लिहिण्याची ताकद आजही माझ्यात नाही. वर्षभराने नणंदेने सांगितले की बांधलेल्या नळ्या पुन्हा जोडता येतात. आम्हाला ते खरे वाटेना, कारण शिबिरात "आता हे कायमचे" असेच सांगितले होते.

मिरजेत एका सर्जननी पहिला प्रश्न विचारला तो म्हणजे नळ्या कशाने बंद केल्या होत्या. त्यांनी जुने कार्ड मागितले. माझ्या कार्डावर रिंग टाकल्याची नोंद होती. रिंग किंवा क्लिप असेल तर नळीचा थोडाच भाग वाया जातो, तुकडा कापून बांधलेला असेल तर जास्त जातो आणि विजेने जाळलेले असेल तर आशा सर्वांत कमी असते, असे त्यांनी चित्र काढून सांगितले. जोडल्यानंतर किमान चार सेंटीमीटर तरी चांगली नळी उरायला हवी, असेही ते म्हणाले. माझी उजवी नळी जोडता आली, डावी फारच आखूड राहिल्यामुळे त्यांनी तिला हात लावला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने ही जोडणी करतात आणि त्याला अडीच तास लागले.

अकरा महिन्यांनी दिवस राहिले. आज माझी मुलगी चार वर्षांची आहे. माझ्याबरोबर त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झालेल्या ३९ वर्षांच्या ताईंना मात्र दिवस राहिले नाहीत, आणि आमच्या दोघींतला मोठा फरक वयाचा होता, असे सर्जननी नंतर सांगितले. माझी एकच विनंती आहे, कुटुंबनियोजनाचे कार्ड कोणीही टाकून देऊ नका.

निवृत्त परिचारिका | ९ जानेवारी, सायंकाळी ६.३०

मी सांगली-मिरज भागात शस्त्रक्रियागृहात २८ वर्षे काम केले आहे. डॉक्टरांनी वैद्यकीय बाजू मांडलीच आहे, मी टेबलाशेजारी उभे राहून जे पाहिले ते लिहिते.

नळीच्या शस्त्रक्रियेतील सर्वांत कठीण निर्णय रुग्ण भुलेखाली असताना घ्यावा लागतो. पोटात दुर्बीण गेल्यावर समजते की नळी वाचवण्यासारखी नाही, आणि त्या क्षणी सर्जन बाहेर येऊन नवऱ्याला किंवा सासऱ्यांना विचारतात की काढू का. बाहेर बसलेल्या माणसाला यातले काहीच माहीत नसते. "काढू नका, नंतर बघू" असे घाबरून सांगितले जाते आणि त्या बाईला सहा महिन्यांनी त्याच नळीसाठी दुसऱ्यांदा भूल घ्यावी लागते. उलटेही घडते. शुद्धीवर आल्यावर बाईला कळते की नळी काढली, आणि तिला आधी कोणी तशी कल्पनाही दिलेली नसते. तिचे ते रडणे मी अनेकदा ऐकले आहे. म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी प्रत्येक शक्यता स्वतंत्रपणे विचारा: नळी चांगली दिसली तर काय करणार, मध्यम असेल तर काय आणि खराब असेल तर काय. आपले उत्तर आपण स्वतः द्या आणि ते कागदावर लिहून घ्या. शरीर आपले आहे, बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसावर हा निर्णय टाकू नये.

दुसरी गोष्ट शस्त्रक्रियेनंतरची आहे. दुरुस्त केलेल्या नळीत गर्भ अडकण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. पाळी चुकली की आनंदाने नवस फेडायला निघण्यापूर्वी लघवीची तपासणी, रक्तातील बीटा एचसीजी (गर्भधारणेत वाढणारे संप्रेरक) आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे याची खात्री करावी. एका बाजूला दुखणे, थोडे डाग जाणे, चक्कर येणे किंवा खांद्यात कळ येणे यांपैकी काही झाले तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे. जत भागातून जीपमध्ये आणलेली एक मुलगी माझ्या डोळ्यांसमोरून आजही जात नाही. तिच्या पोटात दोन लिटर रक्त होते. ती वाचली, परंतु घरच्यांनी सायंकाळपासून तिला लिंबूपाणी देत घरीच ठेवले होते.

हरिपूर घाट | ९ जानेवारी, रात्री ९.१५

पुरुष म्हणून एक शंका विचारतो. एकच नळी राहिली तर गर्भधारणेची शक्यता दर दुसऱ्या महिन्यालाच असते का? माझ्या पत्नीची एक नळी अशाच अडकलेल्या गर्भामुळे काढावी लागली आहे.

कृष्णा-कोयना | ९ जानेवारी, रात्री १०.४०

तसे नसते. बीजांडकोश ठरलेल्या क्रमाने आळीपाळीनेच बीज सोडतात असे नाही. शिवाय नळीचे झालरीचे टोक हलते असते आणि गर्भाशयाच्या मागे वळून दुसऱ्या बाजूचे बीजही उचलू शकते. एका चांगल्या नळीवर दिवस राहिलेल्या असंख्य स्त्रिया आम्ही पाहतो. आपल्या पत्नीचा गर्भ एकदा नळीत अडकला आहे, त्यामुळे पुढच्या वेळी लवकर सोनोग्राफी करण्याची वर दिलेली सूचना त्यांनाही लागू आहे.

वसना | २३ मार्च, रात्री ९.००

अडीच महिन्यांनी लिहीत आहे, त्याबद्दल क्षमस्व. आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले की पुढे काय झाले ते सविस्तर सांगणे मी माझे कर्तव्य समजते.

आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. माझ्या अपेंडिक्सच्या जुन्या कागदांसाठी माहेरी माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडावी लागली, परंतु ते सापडले. गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासणीस पाठवला, त्यात क्षयरोग निघाला नाही. त्यानंतर मी परिचारिका ताईंचे प्रश्न वहीत लिहून नेले. डॉक्टर रागावतील अशी भीती वाटत होती, प्रत्यक्षात त्यांनी खुर्ची पुढे ओढून वीस मिनिटे उत्तरे दिली आणि संमतिपत्रावर माझ्या शब्दांत लिहून घेतले: उजवी नळी दुरुस्त होण्यासारखी असेल तर उघडावी, नसेल तर काढावी, बाहेर कोणालाही विचारण्याची गरज नाही. डावी नळी बंद आढळली तर तार घालून पाहावी. यजमानांनी ते वाचून शेजारी सही केली.

शस्त्रक्रिया मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाली. उजवी नळी आतड्याला घट्ट चिकटलेली होती, तिची भिंत जाड झाली होती आणि टोक ओळखूही येत नव्हते. ती काढली. बीजांडकोशाचा रक्तपुरवठा दुखावू नये म्हणून नळीला अगदी लगटून छेद घेतल्याचे डॉक्टरांनी चित्रफितीत दाखवले. डावीकडे निळा रंग सोडल्यावर पहिल्यांदा तो अडला, थोडा दाब वाढवताच सरळ पुढे गेला आणि टोकातून बाहेर पडला. तार घालण्याची वेळच आली नाही. झालर व्यवस्थित होती, भोवती दोन-चार पातळ पडदे होते ते सोडवले. जी नळी डिसेंबरच्या कागदावर "बंद" होती ती मोकळी निघाली, हे मी चित्रफीत थांबवून पुन्हा पुन्हा पाहिले.

शुद्धीवर आल्यावर एक नळी गेल्याचे मला परिचारिकेने सांगितले तेव्हा डोळ्यांत पाणी आले, पण धक्का बसला नाही, कारण ते माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. दुसऱ्या दिवशी घरी आले, आठव्या दिवशी टाके पाहून झाले आणि पंधराव्या दिवसापासून शाळेत रुजू झाले. सासूबाईंनी तीन छोट्या खुणा पाहिल्या आणि "एवढेच?" असे विचारले.

आता डॉक्टरांनी आठ ते दहा महिने नैसर्गिकपणे प्रयत्न करण्यास सांगितले आहे. तोपर्यंत दिवस राहिले नाहीत तर आयव्हीएफकडे वळायचे हेही आम्ही आजच ठरवून ठेवले आहे, म्हणजे पुन्हा "आणखी थोडे थांबू" असे म्हणत वर्षे जाणार नाहीत. पाळी चुकल्यास कोणत्या दिवशी कोणती तपासणी करायची ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहे आणि रात्री-अपरात्री रुग्णालयात नेण्यासाठी कोणाची गाडी मिळेल ते यजमानांनी दोन ठिकाणी विचारून ठेवले आहे.

माणदेशी ताई, आपल्या दुसऱ्या प्रयत्नाचे काय झाले ते सवड मिळेल तेव्हा नक्की कळवा. मी रोज हा धागा उघडून पाहते.